चिऱ्याच्या भिंतींचं तोंड बांधू नका

कोकणात जुनं चिऱ्याचं घर असलेल्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्याचं काम काढलेल्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. घर गार राहावं म्हणून भिंतींना सिमेंटचा गिलावा, वॉटरप्रूफ रंग किंवा आतून थर्माकोल लावायचं ठरवलं असेल, तर ते काम आजच थांबवा. सामान येऊन पडलं असलं तरी थांबवा. पाऊस दारात आलाय.

हात पोळलेत म्हणून सांगतोय. आमची पश्चिमेची खोली तापायची, म्हणून वडिलांसाठी तिथे एसी बसवला. गारवा टिकावा म्हणून बाहेरून सिमेंट, आतून प्लॅस्टिक पेंट आणि पश्चिमेच्या भिंतीला थर्माकोलवर प्लायवूड. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या श्रावणात पलंगामागे सहज टिचकी मारली, तर भिंत बद्द वाजली. नखाने उचकटलं तर ताटाएवढा पोपडा हातात आला आणि मागून चिऱ्याचा ओला, तांबडा भुगा सांडला. प्लाय काढलं तर थर्माकोलच्या पाठीवर काळी बुरशी आणि वाळवीची माती. वडिलांचा खोकला तोवर आम्ही वयाच्या खात्यावर टाकत होतो. गवंड्याला काय बोलणार? सांगितलं आम्हीच.

जांभा मुळातच सच्छिद्र. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारी दीड फुटी भिंत पाणी पिणारच. उघडीप मिळाली की ते सोडतेही. चुन्याचा गिलावा तिला सोडू देतो. सिमेंट कडक, त्याला केसाएवढी भेग जाते. तिथून पाणी शिरतं आणि परत निघायला वाट नसते. एसीच्या खोलीत तर बाहेरची दमट हवा भिंतीतून गार बाजूकडे सरकते आणि हवाबंद रंगामागे तिचं पाणी होतं, गार तांब्याला बाहेरून घाम सुटतो तसं. वर ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त उष्णता आत आणते. म्हणजे पैसेही गेले आणि गारवाही.

खरी आग डोक्यावरून येते. म्हणून हातात असलेले दिवस छपरावर घालवा. फुटकी कौलं बदला, शाकारणी उरकून घ्या. कौलांखाली चकाकणारी फॉइलची शीट ताणा, पण चिकटवू नका. मध्ये दोन-तीन इंच मोकळं ठेवा आणि आढ्याशी गरम हवेला बाहेर पडायला वाट ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला आपले आजोबा पावसाआधी झापं बांधायचे, तेही भिंतीपासून जरा सुटी. पाऊस झापावर, वारा मधून, भिंत कोरडी. झापं विणणारं कुणी उरलं नसेल तर बांबूच्या चौकटीवर पत्रा बांधा, वर-खाली उघडा ठेवून. उन्हाळ्यात तोच ऊन अडवतो.

आणि अंगणात जाऊन जोतं बघा. पेव्हर ब्लॉक घालताना अंगण जोत्याच्या वर चढवलं असेल, तर पागोळ्यांचं पाणी थेट भिंतीच्या पोटात जातंय. भिंतीलगत वीतभर पट्टी उखडून पाण्याला उतार करून द्या. एवढं एका दिवसात होतं.

भिंत आधीच ओली आहे का, अशी शंका असेल तर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला बंद करा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब प्लॅस्टिकच्या आत असतील तर ओल भिंतीतली, वरून असतील तर खोलीतल्या हवेची. दुसऱ्या प्रकाराला खिडक्या उघडणं पुष्कळदा पुरतं.

गिलावा मात्र दिवाळीनंतरच, आणि चुन्याचा. सुटलेलं सिमेंटही तेव्हाच खरवडा. घट्ट बसलेलं ओरबाडायला जाल तर चिराही निघून येईल. कळीचा चुना मात्र आत्ताच आणून पिंपात भिजत घाला, तोवर छान मुरेल. पाण्यात पडल्यावर तो खदखदून उकळतो, पोरांना लांब ठेवा.