दरी कोणाची, कधीची?

पश्चिम घाटातल्या शोलाकिली या पक्ष्याच्या तीन प्रजाती आहेत आणि त्यांच्या मध्ये दोन खिंडी आहेत. पालघाट खिंडीच्या उत्तरेला, निलगिरीपासून बाबाबुदनगिरीपर्यंत एक. पालघाट आणि शेनकोट्टा या खिंडींमधल्या अन्नामलाई-पळणीच्या डोंगरांवर दुसरी. आणि शेनकोट्टाच्या दक्षिणेला अशांबूच्या डोंगरांत तिसरी. तिसरीला स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव मिळायला २०१७ साल उजाडावे लागले. पालघाटचे खिंडार तीस-चाळीस किलोमीटर रुंदीचे, शेनकोट्टाचे तर सातेक किलोमीटरचे. घारीला दोन्ही ओलांडायला फारसा वेळ लागणार नाही. शोलाकिलीने मात्र त्या लाखो वर्षे ओलांडलेल्या नाहीत, निदान जनुकांत खूण उरावी इतक्या वेळा तरी नाहीत. आज कोणत्याही संवर्धन आराखड्यात ‘जनुकीय विविधता’ आणि ‘कॉरिडॉर’ हे शब्द हमखास सापडतात. हे दोन शब्द एका वाक्यात जोडण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत: समोरची दरी कोणत्या पक्ष्यासाठी दरी आहे, आणि ती किती जुनी आहे?

पहिल्या प्रश्नाचे महत्त्व पश्चिम घाटाइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते. व्ही. व्ही. रॉबिन, उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एकट्यादुकट्या पक्ष्याऐवजी उंच डोंगरांवरचा जवळजवळ सगळा पक्षीसमुदायच तपासला. नऊ ठिकाणे, २३ प्रजाती, ३५६ पक्षी. त्यांपैकी दहा प्रजातींत सर्वांत जुनी फाटाफूट नेमकी पालघाटवर, म्हणजे सर्वांत रुंद आणि खोल दरीवर झालेली आढळली. त्या दहांतल्या काहींत अरुंद, उथळ दऱ्यांवर नंतरच्या काळातली फूटही दिसली. दरीचा आकार आणि फुटीचे वय यांचा असा मेळ बसणे ही मोठीच गोष्ट. पण याच आकड्यांची दुसरी बाजू अशी की उरलेल्या तेरा प्रजातींवर या दऱ्यांचा काही परिणाम दिसला नाही. यावरून कोणी म्हणेल की मग भूरचनेचे एवढे कौतुक कशाला, निम्म्याहून अधिक पक्षी तिला जुमानतच नाहीत. आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो भूरचना म्हणजे केवळ दगडमाती असे धरून चालतो. पक्ष्याला दरीत भेटते ते तिथले तापमान, तिथला कोरडेपणा, तिथली झाडे. बाराशे मीटरच्या वर, ओल्या शोला जंगलाच्या तळाशी वावरणाऱ्या पक्ष्याला दीडशे मीटर उंचीवरचे उष्ण, कोरडे पालघाट परकेच. उष्ण कटिबंधातले डोंगर त्यांवरच्या जिवांना ‘अधिक उंच’ असतात, कारण वर्षभर ठरावीक तापमानात राहणाऱ्यांची सहनशक्तीच अरुंद असते, ही मांडणी डॅनियल जॅन्झन यांनी १९६७ मध्येच केली होती. म्हणून एकच डोंगररांग दोन पक्ष्यांना वेगवेगळी कापते. चिलप्पन या डोंगरमाथ्यांवरच्याच पक्ष्यांची बाणासुर डोंगरावरची आणि निलगिरीवरची प्रजाती वेगळी आहे, मध्ये चालियारचे खोरे. शोलाकिली मात्र याच खोऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकाच प्रजातीची आहे.

‘अहो, पंख आहेत की त्यांना!’ हा युक्तिवाद अजूनही बैठकांत ऐकू येतो. पनामातल्या गातून जलाशयावर जंगलातले पक्षी होडीतून नेऊन पाण्यावर सोडण्यात आले आणि ते किनारा गाठतात का हे पाहिले गेले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात काही प्रजातींना शंभर मीटरही पार करता आले नाहीत. पंखांची क्षमता आणि मोकळ्यात बाहेर पडण्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जनुकांच्या देवाणघेवाणीसाठी दोन्ही लागतात.

दुसरा प्रश्न काळाचा, आणि व्यवस्थापनाच्या दृष्टीने तोच अधिक नाजूक. वर सांगितलेल्या पश्चिम घाटातल्या अभ्यासात दऱ्यांनी फुटलेल्या प्रजाती एकाच वेळी फुटलेल्या नाहीत. बहुतेक फुटी प्लाइस्टोसीनमधल्या, पण वेगवेगळ्या वेळच्या. हवामान कोरडे-ओले होत गेले तसे जंगल डोंगरमाथ्यावर आक्रसले, खाली उतरले, पुन्हा आक्रसले. निलगिरीच्या दलदलींतल्या पीटमध्ये गवत आणि झाडोरा यांच्या चढउताराची नोंद गेल्या सुमारे चाळीस हजार वर्षांपर्यंतची वाचता येते. या संथ हालचालींवर गेल्या दीड-दोनशे वर्षांत चहाचे मळे, निलगिरीच्या झाडांची आणि वॉटलची लागवड, धरणे आणि शहरे येऊन बसली. पळणी डोंगरांवरचे गवताळ प्रदेश तर चार दशकांत दोन-तृतीयांशाने घटले. (तिथे ‘हरितीकरण’ म्हणून लावलेली झाडे हेच माळावरच्या पक्ष्यांचे घर मोडण्याचे कारण ठरले, ही विसंगती आपल्या वनखात्यांनी अजून पुरती पचवलेली नाही.) निसर्गाने पाडलेल्या फुटीच्या आत माणसाने पाडलेली ही नवी फूट. शोलाकिली आणि चिलप्पन दोघेही डोंगरमाथ्यांचे जुने रहिवासी, तरी या नव्या तुटीचा परिणाम दोघांवर सारखा झालेला नाही. शोलाकिलीच्या गाण्यातही हा फरक उतरला आहे: प्राचीन खिंडींनी वेगळ्या पडलेल्या गटांच्या गाण्यात बदललेले गुण एक, आणि अलीकडच्या जंगलतोडीने तुटलेल्या गटांच्या गाण्यात बदललेले गुण दुसरेच.

म्हणून आमचे म्हणणे असे की जुनी दरी राखावी आणि नवी दरी बुजवावी. पालघाटच्या दोन बाजूंचे पक्षी एकत्र आणणे म्हणजे लाखो वर्षांचे वेगळेपण एका पिढीत पुसणे. याउलट, एकाच डोंगरातले दोन शोला मधल्या लागवडीने तुटले असतील तर त्यांतली ये-जा पुन्हा सुरू करणे हे कर्तव्यच. यावर गंभीर आक्षेप घेतला जातो तो ‘जनुकीय संजीवनी’चा: लहान, खंगलेल्या गटात बाहेरचे पक्षी सोडल्याने तो सावरतो, मग जुन्या-नव्याचा घोळ कशाला? त्यासाठी उदाहरण दिले जाते अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या प्रेअरी चिकनचे. १९६२ मध्ये तिथे सुमारे दोन हजार पक्षी होते, १९९४ पर्यंत पन्नासही उरले नाहीत आणि अंडी उबण्याचे प्रमाण ढासळले. १९९२ पासून मिनेसोटा, कॅन्सस आणि नेब्रास्कातून २७१ पक्षी आणून सोडल्यावर ते प्रमाण पुन्हा वाढले. उदाहरण खरे आहे, पण ते आमच्याच बाजूचे आहे. इलिनॉयची माळराने नांगराने तुटली ती शे-दीडशे वर्षांत. आणलेले पक्षी जे पूर्वी जोडलेले होते तेच पुन्हा जोडत होते. आणखी एक रास्त शंका: मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए केवळ मातेकडून येतो आणि जुना इतिहासच सांगतो. बरोबर, म्हणूनच आजच्या तुटीसाठी मायक्रोसॅटेलाइट किंवा जीनोमव्यापी खुणा वापरायच्या. केवळ मायटोकॉन्ड्रियाच्या झाडावरून स्थलांतराचा प्रस्ताव लिहिणाऱ्यांना ही शंका लागू पडते, पद्धतीला नाही.

हे सगळे, नमुना कुठे आणि कधी मिळाला हे सांगणाऱ्या चिठ्ठीवर उभे असते, आणि ती चिठ्ठी खोटी असली तर काय होते याचा धडा खानदेशाने दिला आहे. रानपिंगळ्याचा एक नमुना पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहागन याने आपण १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळवल्याचे नोंदवले होते. प्रत्यक्षात तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, जेम्स डेव्हिडसनने कितीतरी आधी गोळा केलेला होता. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडी पाडली, खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढला आणि १९९७ मध्ये शहाद्याजवळ पिंगळा जिवंत सापडला. आज जाळी लावून कडी चढवणाऱ्यांनी, पिसे किंवा रक्ताचा थेंब घेणाऱ्यांनी तालुक्याचे नाव लिहून थांबू नये. अक्षांश-रेखांश, उंची, जंगलाचा प्रकार आणि शेजारची लागवड किती साली झाली, एवढे तरी लिहावेच. शेवटचा रकाना सहसा रिकामा राहतो, आणि दरी कधीची हे नेमके त्यावरून कळते.

प्रत्येक तुटलेला गट वेगळा वंश असतो असेही नाही. माळढोक हे त्याचे उलट टोक. पाच राज्यांतल्या नमुन्यांवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मायटोकॉन्ड्रियल विविधता फारच कमी आढळली आणि प्रदेशागणिक वेगळेपण दिसलेच नाही. मोकळ्या माळावरून लांब पल्ल्याने फिरणाऱ्या पक्ष्याच्या वाटेत पालघाटसारखे काही नव्हते. आता आहेत ते ऊस, विजेच्या तारा आणि कुंपणे. महाराष्ट्रातला माळढोक नावापुरता उरला असताना ‘आमचा माळढोक’ आणि ‘राजस्थानचा माळढोक’ असा भेद करून अंडी किंवा पिल्ले राज्याबाहेर देण्या-घेण्याला अडसर घातला जात असेल, तर त्याला जनुकशास्त्राचा आधार मिळणार नाही. तिथे दरी प्रशासनाची आहे आणि ती बुजवायला हरकत नसावी.