सरासरीइतका सिग्नल!

मंडळी, सध्या एक नवीनच टूम निघालीय. ऑफिसात किंवा सोसायटीत वायरलेस सेन्सर बसवायचे ठरले की कंत्राटदार लॅपटॉप घेऊन चार फेऱ्या मारतो आणि हातात एक रंगीत नकाशा ठेवतो. सगळा हिरवागार! "साहेब, ॲव्हरेज सिग्नल एकदम मस्त आहे." साहेब खूश, बिल पास.

माझं स्पष्ट मत: हा नकाशा म्हणजे शुद्ध धूळफेक आहे.

"यंदा सरासरीइतका पाऊस" असं पेपरात वाचून आपला शेतकरी निर्धास्त झोपतो का? पेरणीनंतर तीन आठवडे ओढ दिली तर पीक गेलंच, मग वर्षाचा आकडा कितीही गोंडस असो. घरातल्या रेडिओ लहरींचं अगदी असंच असतं. राउटरमधून निघालेली लहर एकाच वाटेने येत नाही. भिंत, स्लॅब, गोदरेजचं कपाट, फ्रीज अशा सगळ्यांवर आपटून तिच्या कितीतरी प्रती थोड्या पुढेमागे पोचतात. कुठे त्या एकमेकींना जोर देतात, कुठे एकमेकींना चक्क खाऊन टाकतात. २.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे १२.५ सेंमी. म्हणजे धो धो सिग्नल आणि शुकशुकाट यांच्यात काही सेंटिमीटरचंच अंतर पुरतं. नकाशावरच्या मोठ्ठ्या हिरव्या ठिपक्यात हे खड्डे दिसणार कसे?

आता थोडं गणित (घाबरू नका, एकच परिच्छेद). कुठलीच एक वाट ठळक नसेल तर सिग्नल रेले वितरण पाळतो. लॉर्ड रेलेने याचं गणित १८८० सालीच मांडलंय. त्यानुसार सुमारे ९.५ टक्के जागी शक्ती सरासरीच्या एक दशांशाखाली जाते आणि सुमारे १ टक्का जागी एक शतांशाखाली. समजा, तुम्ही असे २०० सेन्सर लावले आणि सरासरीत २० डेसिबलची चैन ठेवली. तरी दोनेक सेन्सर खड्ड्यात! १० डेसिबलच ठेवली असेल तर एकोणीस.

मोबाईलवाला माणूस चार पावलं सरकतो आणि सुटतो. भिंतीला ठोकलेला सेन्सर कुठे सरकणार? आसपासचं सामान हललं, कुणी ये-जा केली तर नशीब. आणि नेमका तोच गॅसगळतीचा असेल तर? तेव्हा सरासरी उत्तम होती हे कुणाला सांगणार?

यावर ठरलेलं उत्तर येतं: "आम्ही स्टँडर्ड मॉडेल वापरतो." वापरा की! पण ते आलं कुठून ते तरी बघा. सालेह आणि व्हॅलेन्झुएला यांचं १९८७ सालचं गाजलेलं मॉडेल न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जच्या एका दुमजली इमारतीतल्या मोजमापांवर उभं आहे. आतल्या भिंती बहुतेक लाकडी चौकटीवर प्लास्टरबोर्ड ठोकलेल्या. लहरींच्या प्रती सुट्या सुट्या न येता घोळक्याने येतात, हे त्यांचं निरीक्षण आजही मोलाचं आहे. पण त्यांचे आकडे उचलून पुण्याच्या विटा-काँक्रिटच्या फ्लॅटला चिकटवायचे हा कुठला न्याय? त्यांच्याकडून घ्यायची ती पद्धत: आधी मोजा, मग मॉडेल बनवा. आपण नेमकं उलटं करतो. आधी सूत्र, मग सूत्राला शोभेल असा नकाशा. रेलेचंही तेच. समोरासमोर ठळक वाट असेल तर राइस वितरण लागतं, पण सूत्र सोपं म्हणून सगळीकडे रेलेच ठोकून देतात.

"मग काय इंच इंच मोजत बसायचं? खर्च कोण देणार?" रास्त प्रश्न. पण त्याची गरजच नाही. प्रत्येक खोलीत अँटेना थोडी थोडी सरकवून पुरेसे नमुने घ्या आणि सरासरीऐवजी तळाचे टक्के बघा. ते वाईट निघाले तर दुसरी अँटेना थोड्या अंतरावर लावा. दोन्ही एकदम खड्ड्यात सापडण्याची शक्यता, त्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर, १ टक्क्यावरून ०.०१ टक्क्यावर येते. फ्रिक्वेन्सी बदलत राहणं हाही एक उपाय. ब्लूटूथ उगाच उड्या मारत नाही :-)

तेव्हा पुढच्या वेळी हिरवा नकाशा समोर आला की एवढंच विचारा: "लागतो त्यापेक्षा कमी सिग्नल किती टक्के जागी आहे?" उत्तर आकड्यात आलं तर चहा पाजा. "ॲव्हरेज" या शब्दाने सुरू झालं तर बिल थांबवा.