विश्लेषण : एआय उत्तर शोधते की रचते?

न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने जून २०२३ मध्ये दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला ५ हजार डॉलरचा दंड ठोठावला. एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात त्यांनी दाखला दिलेले काही निवाडे अस्तित्वातच नव्हते. ते चॅटजीपीटीने रचले होते.

एआयचे प्रकार कोणते?
वापरानुसार ढोबळमानाने दोन. पहिला, वर्गीकरण आणि अंदाज करणारा : ईमेलमधील स्पॅम वेगळा काढणे, कार्डावरील संशयास्पद व्यवहार हेरणे. दुसरा जनरेटिव्ह, म्हणजे नवा मजकूर, चित्र किंवा आवाज तयार करणारा.

जनरेटिव्ह एआय का चुकते?
चॅटबॉट आधीच्या शब्दांवरून पुढचा संभाव्य शब्द ठरवत वाक्य जुळवतो. त्यामुळे भाषा सफाईदार असते, पण माहिती खरी असेलच असे नाही. न्यूयॉर्कच्या वकिलाने निवाडे खरे आहेत का, हेही चॅटजीपीटीलाच विचारले होते. उत्तर होकारार्थी आले!

मग वापर कसा करावा?
पत्राचा मसुदा, भाषांतर, गोषवारा यांसाठी एआय उपयुक्त आहे. तेथील चूक वाचताना पकडता येते. औषधाचा डोस, कायद्याचे कलम, सरकारी योजनेची मुदत मात्र डॉक्टर, वकील किंवा अधिकृत संकेतस्थळाकडूनच पडताळावी. आधार क्रमांक, ओटीपी, बँकेचा तपशील चॅटमध्ये टाकू नये.

आवाजाचीही नक्कल होते. ओळखीच्या आवाजात कोणी तातडीने पैसे मागितले, तर फोन ठेवून त्या व्यक्तीच्या नेहमीच्या क्रमांकावर खात्री करावी. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.