जुने फोर्कलिफ्ट घेताना

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका पेढीवर गेले दोन महिने एकाच विषयाची चर्चा आहे. ठिबक सिंचनाच्या नळ्या बनविणाऱ्या कारखान्यांना प्लास्टिकचा दाणा पुरविणारी ही पेढी. दाणा 25 किलोच्या पिशव्यांत येतो. 40 पिशव्या रचलेले एक पॅलेट म्हणजे एक टन. हमालांनी पिशवी-पिशवी करून गाडी रिकामी करण्यात दिवस जातो. नव्या फोर्कलिफ्टचा भाव ऐकून घरातील ज्येष्ठ गप्प झाले. तेव्हा धाकट्या मुलाने बॅटरीवर चालणाऱ्या, दीड टन क्षमतेच्या, सहा वर्षे वापरलेल्या यंत्राची माहिती आणली.

"अण्णा, निम्म्याहून कमी पैशांत मिळतंय."

"एवढं स्वस्त का देतोय, ते विचारलंस का?"

या प्रश्नाचे उत्तर बहुधा बॅटरीत दडलेले असते. शिसे-आम्लाची बॅटरी साधारणतः 1500 वेळा चार्ज होईपर्यंत टिकते. रोज एकदा चार्जिंग आणि वर्षाला कामाचे 300 दिवस धरले, तर हा हिशेब पाच वर्षांवर येऊन थांबतो. म्हणजे सहा वर्षांच्या यंत्रासोबत मूळचीच बॅटरी मिळत असेल, तर ती जमेच्या नव्हे, खर्चाच्या बाजूस लिहावी लागते. शिवाय बॅटरीचे वजन यंत्राचा तोल राखते. समोर एक टन माल उचलला असता यंत्र पुढे कलंडू नये, याचा काही भार तिच्यावरच असतो. म्हणून स्वस्तातली हलकी बॅटरी बसविण्याची काटकसर येथे कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

48 व्होल्टच्या बॅटरीत 24 सेल असतात. पूर्ण चार्ज केल्यानंतर प्रत्येक सेलमधील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व जाणकाराकडून हायड्रोमीटरने मोजून घ्यावे. चांगल्या सेलमध्ये ते 1.28 च्या आसपास भरते. एखाद-दुसराच सेल इतरांहून फार मागे असेल, तर तो निकामी होत आला आहे असे समजावे. विक्रेता मोजू देत नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

बाकीची तपासणी त्या मानाने सोपी आहे. फोर्कची जाडी टाचेपाशी, म्हणजे वाकलेल्या कोपऱ्यात, मोजावी. मूळ जाडीच्या दहावा भाग झिजला असेल तर फोर्क बाद. 40 मिलिमीटरचा फोर्क 36 वर आला की संपला. त्यावर वेल्डिंग दिसले तर पुढे बोलूच नये. वजन उचलून यंत्र बंद करावे आणि दहा मिनिटे पाहावे. भार आपोआप खाली येऊ लागला तर हायड्रॉलिकमध्ये गळती आहे. तासांचा मीटर बदलता येतो, पेडलवरचे झिजलेले रबर सहसा कोणी बदलत नाही. आणि क्षमतेची पट्टी जागेवर हवीच: दीड टन हा आकडा भाराचा मध्य फोर्कच्या टाचेपासून 500 मिलिमीटरवर धरून दिलेला असतो, पॅलेट लांब असेल वा माल उंच चढवायचा असेल, तर क्षमता घटते.

पिता-पुत्र यंत्र पाहण्यास गेले तेव्हा ते ताज्या पिवळ्या रंगाने झळकत होते. फोर्क ठीक निघाले. 24 पैकी तीन सेल 1.16 च्या खाली होते. अण्णांनी नव्या बॅटरीची किंमत वजा करून भाव सांगितला. विक्रेता हसला आणि चहा मागवला. सौदा झाला नाही.

परतताना मुलगा नाराज होता. अण्णांनी दोन गोष्टी ठरविल्या. माल पॅलेटवरच पाठविता येईल का, हे पुरवठादारांना विचारायचे. कारण सुट्या पिशव्या रचण्यास हात लागणारच. आणि महिनाभर यंत्र भाड्याने आणून पाहायचे.

"मग हमालांचं काय?" मुलाने विचारले.

"त्यांच्यातल्याच एकाला चालवायला रीतसर शिकवू. बारा वर्षं आपल्याकडे आहेत ती माणसं."

भाड्याचे यंत्र सोमवारी येणार आहे. गोदामाच्या शटरची उंची मात्र अजून कोणी मोजलेली नाही.