दारांतली मोटार आणि घरांतली शिल्लक

परभणीसारख्या जिल्ह्याच्या गांवीं हल्लीं एक नवें सोंवळें माजलें आहे. नोकरी कायम झाली कीं दारांत मोटार हवीच. आणि जो गृहस्थ अजून मोटारसायकलीवरून कामावर जातो तो एक तर चिक्कू, नाहीं तर कर्जांत बुडालेला, असा निकाल आमचे सुशिक्षित बंधु देऊन टाकतात. आमच्या पाहण्यांत कर्ज पुष्कळदां मोटारींतूनच हिंडत असतें.

हिशेबच पाहूं. रोजचें जाणेंयेणें २० किलोमीटर व कामाचे दिवस ३०० धरले, तर वर्षाचे ६,००० किलोमीटर होतात. लिटरला ६० किलोमीटर चालणाऱ्या मोटारसायकलीस १०० लिटर पेट्रोल पुरेल. गर्दीत लिटरला १५ किलोमीटर चालणाऱ्या मोटारीस ४०० लागेल. भाव १०० रुपये धरला तरी फरक ३०,००० रुपयांचा! आणि परभणीकरास हा भाव स्वस्ताईचाच वाटेल. मनमाडच्या डेपोपासूनचें लांबचें टँकरभाडें भावांत मिळून एप्रिल २०२२ मध्यें येथील पेट्रोल १२० रुपयांच्या वर गेलें होतें. त्याच वर्षीं ठरलेल्या दरांप्रमाणें थर्ड पार्टी विम्याचा वार्षिक हप्ता १०० सी.सी.च्या मोटारसायकलीस ७१४ रुपये, तर १,००० सी.सी.हून लहान मोटारीस २,०९४ रुपये. कर्जाचें व्याज व दुरुस्ती निराळींच.

यावर प्रतिपक्ष म्हणतो, 'मोटारींत जीव तरी सुरक्षित राहतो.' हा आक्षेप थट्टेवारी नेण्याजोगा नाहीं. २०२२ सालीं देशांत रस्त्यांवर मृत्यु पावलेल्यांत शेंकडा ४४ हून अधिक लोक दुचाकीवरचे होते. म्हणूनच टाकीवर एक मूल, मध्यें दुसरें आणि मागें पत्नी, अशी वरात काढणाऱ्यास आम्ही काटकसरी म्हणणार नाहीं. तो पोराबाळांचे जीव जुगारांत लावतो. चालविणारा व मागें बसणारा या दोघांच्याहि डोक्यावर हेल्मेट असलेंच पाहिजे. कायदाहि हेंच सांगतो, आणि वांचलेल्या रकमेंतील पहिला खर्च हाच व्हावा. सहकुटुंब गंगाखेडास जावयाचें तर आगगाडी आहे, जिंतुरास एस.टी. आहे, घरांत आजारी माणूस असेल तर भाड्याची मोटार बोलवावी. वर्षांतून १२ वेळां भाडें देणारा मनुष्य वर्षभर हप्ते भरणाऱ्याहून सुखानें झोंपतो.

राहतां राहिली अब्रू. मुलीचें स्थळ पाहावयास आलेले पाहुणे दारांतली मोटार पाहतात, बँकेचें पुस्तक पाहत नाहींत, हें खरें. पण त्यांच्या अर्ध्या तासाच्या भेटीसाठीं पांच-सात वर्षांचे हप्ते भरणें हा कोणता शहाणपणा? ज्यांस मोटार खरोखर लागते व परवडते त्यांनीं ती अवश्य घ्यावी. बाकीच्यांनीं शेजाऱ्याच्या दाराकडे न पाहतां आपल्या मुलांच्या शिक्षणाची शिल्लक किती आहे, तेवढें आज रात्रीं मोजून पाहावें.