दप्तरातल्या लिनक्सला प्रयोगशाळेत जागा द्या

मा. कुलगुरू महोदय,
संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, अमरावती



मी अमरावतीत पदवीच्या मुलांना संगणक शिकवतो. अलीकडे आमच्या पोट्ट्यांच्या दप्तरांत जुने व्हिडिओ गेम खेळायचं एक छोटं यंत्र दिसू लागलं आहे. आर३६एस हे त्यातलं एक नाव. साडेतीन इंची पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. घरच्यांच्या लेखी तो टाइमपास, आणि आम्हा प्राध्यापकांच्या लेखी जप्त करायची वस्तू. माझं म्हणणं आहे की तो संगणक आहे आणि विद्यापीठानं त्याला संगणकाचाच मान द्यावा.

त्यात रॉकचिपचा आरके३३२६ प्रोसेसर आहे, १ जीबी रॅम आहे. मेमरी कार्डावर बहुधा आर्कओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम असते. ती उबुंटूवर बेतलेली, म्हणजे चक्क लिनक्स. यूएसबी-सीची तोंडं दोन. एक डीसी, चार्जिंगचं, दुसरं ओटीजी, म्हणजे बाहेरची उपकरणं जोडायचं. शिकण्यासारखं सगळं या दुसऱ्या तोंडापाशी आहे.

यंत्रात वायफाय नसतं, त्यासाठी डोंगल लावावा लागतो. मूळच्या अकोल्याच्या, इथं वसतिगृहात राहणाऱ्या एका विद्यार्थ्यानं तो आणला. दिवा लागला, पण नेटवर्क काही दिसेना. दुकानदार सांगे की डोंगल ठणठणीत आहे, आणि विंडोजवर तो खरंच चालत होता. आम्ही तो कॉलेजातल्या लिनक्स संगणकाला लावला आणि जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिली. ओळख आली ०बीडीए:१ए२बी. पहिला भाग रिअलटेक कंपनीचा. दुसऱ्यावरून कळलं की डोंगल या घडीला वायफाय नाहीच, सीडी ड्राइव्ह बनून बसला आहे. अशा डोंगलांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो, म्हणून ते आधी ती ‘सीडी’ पुढे करतात. लिनक्सवर ‘यूएसबी-मोडस्विच’ नावाचा छोटा प्रोग्रॅम त्यांना मूळ रूपात आणतो. तो चालवला, पुन्हा ओळख विचारली, तर ती बदललेली. मग आपल्या यंत्राच्या कर्नेलमध्ये या चिपचा ड्रायव्हर आहे का, हे शोधायला तो पोरगा स्वतःच बसला.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात आम्ही डिव्हाइस ड्रायव्हरवर टीप लिहायला लावतो. मुलं पाठ करून लिहितात. त्या दुपारी तोच धडा टेबलावर उघडा पडला होता. कीबोर्ड लावताक्षणी चालतो, कारण कीबोर्ड-माऊससारख्या उपकरणांच्या एचआयडी या सामायिक वर्गासाठी एकच ड्रायव्हर पुरतो. वायफायच्या चिपा मात्र तऱ्हेतऱ्हेच्या, प्रत्येकीला आपला ड्रायव्हर हवा. हा फरक हातानं अनुभवलेला मुलगा तो विसरत नाही.

विजेचं गणितही इथंच कळतं. यूएसबी २.०च्या तोंडातून एका उपकरणाला ५०० मिलीअँपिअरपर्यंत वीज मिळणं अपेक्षित असतं. लहान बॅटरीच्या यंत्राला हब, डोंगल आणि दिव्यांचा कीबोर्ड एकदम लावला तर उपकरणांची जोडणी तुटते, पुन्हा जुळते. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घेतला की थांबतं. काही स्वस्त यंत्रं सी-टू-सी केबलवर चार्जच होत नाहीत आणि घरी चार्जरला बोल लागतो. बहुधा कारण असतं सी-तोंडाजवळ न बसवलेले ५.१ किलोओहमचे रोधक. काही पैशांचा भाग!

आपल्या देशाला ही वाट नवी नाही. बंगळूरच्या अभियंत्यांनी घडवलेला सिंप्युटर हे हातात मावणारं लिनक्स यंत्रच होतं. २००४ साली ते ‘अमिडा’ नावानं बाजारात आलं. बाहेरही २०२२ साली व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम डेक हे हातात धरून गेम खेळायचं यंत्र आलं. तेही लिनक्सवर चालतं आणि एकाच यूएसबी-सी तोंडातून कीबोर्ड, माऊस, मोठा पडदा जोडून पूर्ण संगणकाचं काम करतं.

एक आक्षेप रास्त आहे आणि तो मी आधीच मान्य करतो. या यंत्रांसोबत येणाऱ्या कार्डांत बहुतेक गेम विनापरवाना कॉपी केलेले असतात. ते कार्ड प्रयोगशाळेत येऊ नये. मुलानं कोरं कार्ड आणावं, त्यावर स्वतः लिनक्स टाकावं आणि तिथून सुरुवात करावी.

मागणं फार नाही. संलग्न महाविद्यालयांत एक टेबल, एक लिनक्स संगणक, अडॅप्टरचे दोन हब, वेगवेगळ्या चिपांचे तीन-चार डोंगल, जुने कीबोर्ड. आणि या कामाला कौशल्य अभ्यासक्रमात श्रेयांक. ज्याच्याकडे यंत्र नाही त्याच्यासाठी कॉलेजानं दोन घ्यावीत, म्हणजे दूरच्या धारणीचा मुलगाही मागे राहणार नाही. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम या पाचही जिल्ह्यांना परवडेल असा हा खर्च आहे.

संगणकशास्त्राच्या अभ्यास मंडळाच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही कळकळीची विनंती. प्रात्यक्षिकांचा मसुदा लिहून द्यायला मी तयार आहे.

आपला विश्वासू,
एक संगणक शिक्षक, अमरावती