ब्रूनो, ये ना रे!

‘‘तुला काय, घरूनच काम असतं ना!’’

फ्रीलान्सर असण्याचा सगळ्यात मोठा तोटा विचाराल तर हे वाक्य. पैसे उशिरा मिळतात तो दुसरा. धाकट्या भावानं पुण्यात मोठ्या हौसेनं लॅब्रॅडॉरचं पिल्लू घेतलं, तीन महिन्यांत त्याला बंगळुरूचा जॉब लागला आणि पिल्लू येऊन पडलं परळीला, आई-बाबांच्या गळ्यात. पंधरा दिवसांत आईचा फोन... ‘‘हे कुत्रं काही केल्या ऐकंना बघ. तू ये. तुला काय, घरूनच...’’

तर मंडळी, लॅपटॉप, दोन डेडलाइन्स आणि मी, सगळे मुक्काम पोस्ट परळी वैजनाथ! बाहेरच्यांसाठी परळी म्हणजे ज्योतिर्लिंग आणि औष्णिक वीज केंद्र. मला मात्र तिथं आधी आठवतात त्या वैद्यनाथाच्या पायऱ्या, आणि आता आठवतो त्या गल्लीतून माझी चप्पल तोंडात धरून सुसाट पळणारा पाच महिन्यांचा, पंधरा किलोंचा हिरो. नाव ब्रूनो. (आपल्याकडे दर दुसऱ्या लॅबचं नाव ब्रूनो का असतं, कोण जाणे.) आई त्याला ‘बुरन्या’ म्हणते. घरात तो दोन्ही नावांना ओ देतो. घराबाहेर एकालाही नाही.

खरं तर आपल्या गावाकडे कुत्र्याला बोलवायची सिस्टिम एकदम सोपी आहे. ‘यू यू’ म्हटलं की भाकरीचा तुकडा, ‘हाड’ म्हटलं की दगड. गल्लीतल्या कुत्र्यांना हे कुणी क्लास लावून शिकवलेलं नसतं. शब्द दोनच आणि त्यांचा अर्थ कधी बदलत नाही, म्हणून ती शिकतात. हे मला आज सुचतंय. तेव्हा सुचलं असतं तर पुढचं रामायण घडलं नसतं.

एका संध्याकाळी त्याला गावाबाहेरच्या माळावर नेलं. आजूबाजूला चिटपाखरू नाही म्हणून पट्टा सोडला. पाचच मिनिटं, म्हटलं. तेवढ्यात कुठूनशा शेळ्या आल्या आणि साहेब निघाले त्यांच्या मागे. ‘‘ब्रूनो! ब्रूनो, ये! ये म्हटलं ना! ब्रूनोऽऽ!’’ मी ओरडत मागे धावले. त्यानं वळून पाहिलं, शेपूट हलवलं आणि डबल स्पीडनं सुटला. त्याला वाटलं, ताई पकडापकडी खेळतेय. शेळ्या रस्त्यावर, तो रस्त्यावर आणि समोरून राखेनं भरलेला ट्रक.

ब्रेकचा आवाज अजून कानात आहे. ट्रक आणि ब्रूनोमध्ये दोन हातांचं अंतर उरलं होतं. ड्रायव्हर खाली उतरून एवढंच म्हणाला, ‘‘कुत्रं सांभाळता येईना तर पाळता कशाला ताई?’’ यावर काय बोलणार?

मग ब्रूनो आला. स्वतःहून, जीभ बाहेर काढून, भलताच खूश होऊन माझ्याजवळ आला. आणि मी त्याला दोन रट्टे दिले. हात थरथरत होते माझे. पण दिले.

दुसऱ्या दिवशी अंगणात ‘ये’ म्हटलं तर तो तीन फुटांवर थांबला. कान पाडून तिथंच बसला. पुढे येईना. खूप वाईट वाटलं, खरंच.

बाबांच्या ओळखीचे एक काका पोलिसांच्या श्वान पथकातून रिटायर झालेत, अंबाजोगाईला असतात. रविवारी ते आले. मला एकदा ब्रूनोला बोलवायला सांगितलं. मी बोलावलं. काका हसले. ‘‘पोरी, तू त्याला बोलवायलीस का धमकवायलीस?’’

मग कळलं ते असं. शेळ्या, रस्ता, ट्रक यातलं काहीही कुत्रा माराशी जोडत नाही. मार बसायच्या क्षणी तो जे करत होता तेच त्याच्या लक्षात राहतं. आणि त्या क्षणी ब्रूनो काय करत होता? माझ्याकडे येत होता! म्हणजे मी त्याला छान पढवलं होतं की ‘ताईकडे जाणं डेंजरस.’ बरं, रट्टे सोडा. आम्ही घरचे त्याला ‘ये’ कधी म्हणायचो? आंघोळ घालायची असली की. औषध पाजायचं असलं की. खेळ संपवून बांधायचं असलं की. तुम्ही-आम्ही तरी गेलो असतो का?

‘‘नावडतं काम असलं तर आपण उठून त्याच्यापाशी जायचं,’’ काका म्हणाले. ‘‘बोलवून कधी रागवायचं नाही. कितीबी उशिरा येऊ दे.’’

बाबा शेजारीच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटायचं थांबवलं, एवढं मला दिसलं.

मग सुरू झाला आमचा क्रॅश कोर्स. पहिली गोष्ट, जुना ‘ये’ रद्द, कारण तो शब्द आम्ही पार नासवून टाकला होता. त्याऐवजी जत्रेत मिळते तसली साधी शिट्टी, दोनदा, छोटी छोटी. आपल्या आवाजात राग, भीती, कंटाळा सगळं उतरतं. शिट्टीला मूड नसतो. वर बाबांनी वाजवली काय, आईनं वाजवली काय, आवाज तोच. (एकच लोचा झाला. पहिले दोन दिवस कुकरची शिट्टी झाली की ब्रूनो किचनमध्ये हजर!)

सुरुवात घरातच, जेवणाआधी, भूक असताना. शिट्टी वाजली की लगेच पनीरचा बारका तुकडा. रोजच्या भाकरीवर तो इतर वेळी खूश असतो, पण या कामाला स्पेशल खाऊच हवा. शेळ्यांशी कॉम्पिटिशन आहे शेवटी! एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, बस्स. घरात जमलं की गच्चीवर, मग गल्लीत आणि सगळ्यात शेवटी माळावर. शिट्टी एकदाच. आपण दहा वेळा बोलावत राहिलो तर पहिल्या नऊ वेळा यायचं नसतं, हेच तो शिकतो.

आला की आधी हळूच गळपट्टा धरायचा, मग खाऊ. नाहीतर ही मंडळी तुकडा पळवून पुन्हा पसार होतात. आणि सगळ्यात महत्त्वाचा फंडा, आला, खाऊ दिला की बहुतेक वेळा पुन्हा खेळायला सोडून द्यायचं. ‘गेलो तर खेळ संपतो’ हे एकदा त्याच्या डोक्यात बसलं की संपलंच.

माळावर जाताना दहा मीटरची हलकी नायलॉनची दोरी. ती गळपट्ट्याला नाही, छातीवरून घालायच्या हार्नेसला बांधायची, म्हणजे मानेला हिसका बसत नाही. दोरी हाताला गुंडाळायची नाही आणि तिनं ओढायचंही नाही. ती फक्त पळून जाण्याचा चान्स घालवण्यासाठी. आणि नाहीच आला तर? त्याच्यामागे धावायचं नाही, उलट दिशेनं आपण पळायचं. मला हे हास्यास्पद वाटलं होतं. भर माळावर शिट्टी वाजवत उलटी पळणारी पुण्याची ताई बघून दोन गुराखी पोरं लोळून हसली. पण ब्रूनो आला!

चपलेचंही उत्तर मिळालं. रिट्रिव्हर म्हणजे मुळात आणून देणारा. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर काम करणाऱ्या पाणकुत्र्यांपासून एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश जमीनदारांनी लॅब्रॅडॉर तयार केला, तो शिकारीतला पक्षी न चावता उचलून आणायला. म्हणजे उचलणं रक्तातच आहे. आपल्या हातात आणून देणं मात्र शिकवावं लागतं. त्यासाठी काकांनी आमच्या घरामागचा अरुंद बोळ निवडला. एक टोक बंद, दुसऱ्या टोकाला मी. जुना मोजा आत फेकायचा. तो उचलून ब्रूनो जाणार कुठे? परत माझ्याकडेच. आला की मोजा हिसकावायचा नाही. आधी शाबासकी, मग खाऊ दाखवून अदलाबदल.

मुंबई पोलिसांचा झंजीर आठवतोय? 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स शोधायला मदत करणारा. तोही लॅबच. 2000 मध्ये तो कॅन्सरनं गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. मी ब्रूनोला ही गोष्ट इन्स्पिरेशन म्हणून सांगितली. तो मोजा चघळत होता.

आणि हो, हुरळून जाऊ नका. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रिव्हर आणि त्यांच्या संकरित पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच महिन्यांची असताना ऐकणारी पिल्लं आठव्या महिन्यात ऐकेनाशी होतात. गंमत म्हणजे परक्या माणसाचं ऐकतात, आपल्याच माणसाचं नाही! टिपिकल टीनएज. हा काळ सरतो, तेवढे दिवस दोरी सोडायची नाही आणि चिडायचं नाही, एवढंच.

हे मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘काहींचा अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत सरत नाही.’’

टोमणा कुणाला, हे सांगायला नको. गेलं वर्षभर मी बाबांचे फोन बऱ्याचदा उचलतच नव्हते. मीटिंगमध्ये होते, सायलेंटवर होता, वगैरे वगैरे. खरं कारण एकच. प्रत्येक फोन ‘जेवलीस का’पासून सुरू व्हायचा आणि ‘कायमच्या नोकरीचं काय’ किंवा ‘स्थळ आलंय’वर संपायचा. मलाही तीन फुटांवर थांबायची सवय लागली होती. त्या रविवारनंतर बाबांनी मला अंगणात दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा चहासाठी. फक्त चहा.

पुण्याला परतून आता दोन आठवडे झाले. परवा रात्री डेडलाइनच्या ऐन गडबडीत फोन वाजला. ‘बाबा कॉलिंग’. उचलला.

‘‘काही नाही गं,’’ ते म्हणाले. ‘‘आज माळावर शेळ्या होत्या. एक शिट्टी दिली, तर वळून आला. दोरी होती, पण ओढावी लागली नाही. एवढंच सांगायचं होतं.’’

मी थोडा वेळ वाट पाहिली. पुढे खरंच काही नव्हतं.

मग मीच म्हटलं, ‘‘बाबा, पुढच्या शनिवारी येऊ का?’’

ता.क. : खाऊ म्हणून चॉकलेट, मनुका, द्राक्षं किंवा कांदा असलेलं काही चुकूनही देऊ नका, कुत्र्यांना ते विषारी असतं. आणि उन्हाळ्यात प्रॅक्टिस सकाळी लवकरच. आपला तळहात डांबरी रस्त्यावर पाच सेकंद टेकवत नसेल, तर त्याचे पंजेही टेकवू नका.